अंबारीपेक्षा उंच नको

फार फार जुनी गोष्ट आहे. एका राजाला हत्तीवरून मिरवायची भारी हौस होती. मिरवणूक जायची ती नगराच्या मधोमध असलेल्या पेठेतून. एकदा कुणाच्या तरी माडीवरून एक पोर त्याच्याकडे खाली बघून हसलं, आणि राजाचा पारा चढला. "माझ्या अंबारीपेक्षा उंच घर पेठेत नको!" अशी त्याने दवंडी पिटवली. माड्या उतरवाव्या लागल्या.

त्या पेठेत एक कासारीण होती. बांगड्या भरता भरता ती साऱ्या नगराची मावशी झाली होती. दोन्ही मुलांची लग्नं झाली तसं तिचं घर अपुरं पडू लागलं. तिने राजापुढे पदर पसरला.

"महाराज, एक माडी चढवू द्या. नाहीतर पोरं दूर जातील."

"आज तुला माडी दिली, तर उद्या सगळे माझ्या डोक्यावर बसतील," राजा म्हणाला.

मुलं वेशीबाहेर राहायला गेली. त्यांच्यामागोमाग सोनार गेला, शिंपी गेला. तिकडे हातपाय पसरायला जागा होती. गिऱ्हाईक आटलं तसे उरलेलेही गेले. कासारीण तेवढी राहिली. एकटीला घास गोड लागत नसे.

वर्षं गेली. वय झालं तसं राजाचं मिरवणंही थांबलं होतं. राजाला नातू झाला आणि तो हत्तीवरून साखर वाटायला निघाला. पेठेत शिरल्यावर हत्ती जुन्या सवयीने दारोदार थांबे, सोंड पुढे करी. दारांना कुलपं होती. राजाच्या मुठीतली साखर घामाने हाताला चिकटली.

शेवटी एका उंबऱ्यात कासारीण दिसली. तिने ओंजळ पुढे केली.

"मावशी, माणसं कुठे गेली?"

"महाराज, वरून कुणी बघू नये अशी तुमची इच्छा होती. आता खालूनही कुणी बघत नाही."

राजा ओशाळला. हत्तीवरून खाली उतरला.

"मग किती उंच बांधू द्यावं? तुम्हीच सांगा."

"शेजारणीच्या वाळवणावरचं ऊन अडणार नाही, इतकं."

तोच नियम झाला. माड्या चढल्या, पेठ हळूहळू गजबजली. धाकटा मुलगा बायकापोरांसह परतला. थोरला मात्र आला नाही. त्याची मुलं तिकडच्या मातीत रुजली होती. कासारीण नव्या माडीवरून वेशीकडे बघत बसे. राजा पेठेतून जाताना मान वर करून तिला रामराम घाली.

तात्पर्य : मर्यादा शेजाऱ्याच्या उन्हासाठी घालावी; स्वतःच्या मोठेपणासाठी घातली, तर भरली पेठ ओस पडते.