शेळीनं खाल्लेली उद्घाटनाची वेल

मुलांनो, सागाचं एक जंगल होतं. ते जंगल जिथं संपायचं आणि माणसांची वस्ती सुरू व्हायची, तिथल्या एका गोठ्यात एक शेळी राहत होती. तिला एकच करडू होतं. त्याच्या आधीची दोन जगली नव्हती, म्हणून या तिसऱ्यावर तिचा जीव नुसता टांगलेला असायचा. करडू शिंकलं तरी तिच्या तोंडातला घास तोंडातच राहायचा. ते उड्या मारत लांब गेलं की हाकांवर हाका, आणि जवळ आलं की, "कुठं उलथला होतास रे?" म्हणून एक ढुशी. करडू काही ऐकायचं नाही. लेकरं कुठं ऐकतात?

एके दिवशी मालक घराला कुलूप लावून आठवडी बाजाराला गेला. इकडे करडानं कुंपणावरून उडी मारली आणि त्याची मांडी काटेरी तारेत अडकली. हिसडा देऊन ते सुटलं खरं, पण मांडी वीतभर फाटली. रक्त थांबेना. शेळी चाटत होती, पुन्हा रक्त येत होतं, पुन्हा चाटत होती. करडू आधी मोठमोठ्यानं ओरडलं. मग नुसतं कण्हायला लागलं. मग कण्हायचंही थांबलं. मुलांनो, ओरडणाऱ्या लेकराची आईला एवढी भीती वाटत नाही, गप्प झालेल्याची वाटते.

उकिरड्यापाशी एक गाढव उभं होतं. शेळी त्याच्याकडे धावली. "गाढवदादा, तुमच्या पाया पडते, माझ्या लेकराला पाठीवर घ्या."

"कुठं न्यायचं?"

"माकडिणीच्या दवाखान्यात."

गाढवानं पुढे एक शब्द विचारला नाही. गुडघे टेकून ते खाली बसलं. शेळीनं डोक्यानं ढकलून करडू त्याच्या पाठीवर चढवलं आणि दोघं जंगलाच्या वाटेला लागले.

आता हा दवाखाना कसला, ते सांगायला हवं. रानातल्या जनावरांना रान सांभाळतं. पण माणसांच्या दारची जनावरं? कामाची असतात तोवर त्यांना चारा-पाणी मिळतं. पाय मोडला, डोळा गेला, की काही माणसं त्यांना ओढ्यापलीकडे सोडून येतात आणि मागं वळूनही बघत नाहीत. अशा जनावरांसाठी एका माकडिणीनं ओढ्याकाठी दवाखाना मांडला होता. ना छप्पर, ना दार. एक सपाट दगड, पाला, पाणी आणि तिचे दोन चपळ हात. साळिंदराच्या गळून पडलेल्या काट्याची सुई करायची, घायपाताचा धागा ओवायचा आणि जखम शिवायची. कुणाकडून काही घ्यायची नाही. तिचा नियम एकच होता: जो जास्त दुखावला, त्याला आधी बघायचं. चार वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

आणि सुरळीत चाललेलं काही दिसलं की कुणाच्या तरी हातांना खाज सुटतेच. इथं ती कोल्ह्याला सुटली.

शेळी ओढ्यापाशी पोचली आणि बघतच राहिली. दगडाभोवती पळसाच्या पानांचं नवंकोरं छप्पर उभं होतं. चारी बाजूंनी कुडाच्या भिंती होत्या. पुढे दार होतं आणि त्या दारावर गुळवेलीचे जाडजूड पदर असे गच्च विणले होते, की आत मुंगीही शिरू नये. वेलीत रानफुलं खोवली होती. समोर ससे, हरणं, मोर ओळीनं बसले होते. एका उंच धोंड्यावर माकडिणीला बसवलं होतं. तिच्या गळ्यात एवढा मोठा हार, की तिची हनुवटी दिसत नव्हती.

"थांबा, थांबा!" कोल्हा आडवा आला. "कुठं निघालात?"

"दवाखान्यात. माझं करडू..."

"दवाखाना आज बंद आहे."

"बंद? का? कुणी गेलं का?"

"शुभ बोल गं! आज उद्घाटन आहे. गजराज येतील, सोंडेनं ही वेल तोडतील, मग दवाखाना सुरू होईल."

"अहो, दवाखाना चार वर्षं सुरूच आहे की!"

"तो नुसता चालत होता," कोल्हा म्हणाला. "सुरू आज होणार आहे."

शेळीला काही समजेना. "बरं, मग पाला तेवढा द्या. रक्त थांबायचा दगडीपाला."

"सगळा पाला आत आहे. छान रचून ठेवलाय, गजराजांना दाखवायला. सुई आत, दोरा आत. वेल तुटल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, अपशकुन होतो. आणि हे बघ, रोगी सगळे मागच्या बाजूला. समोर रक्तबिक्त दिसायला नको. पाहुण्यांना कसं वाटेल?"

एवढ्यात सागाच्या शेंड्यावरून कावळा ओरडला, "निघाले! गजराज निघाले!"

"कुठवर आलेत?" कोल्ह्यानं विचारलं.

"अजून चिखलातच आहेत. पण निघाले!"

छपराच्या मागच्या बाजूला सावलीसुद्धा नव्हती. तिथं पंजा भाजलेलं एक मांजर बसलं होतं आणि त्याच्या पलीकडे एक म्हातारा कुत्रा. आयुष्यभर त्यानं मालकाचं शेत राखलं. काल रात्री रानडुकरानं त्याचं पोट फाडलं, तर पहाटे मालक म्हणाला, "आता याचा काय उपयोग?" कुत्रा आपल्या पायांनी चालत इथवर आला होता. पोट जमिनीला दाबून तो बसून होता.

"कधीपासून बसलाय, बाबा?" शेळीनं विचारलं.

"दिवस उगवल्यापासून. तू पण बस, बाई. कोल्हेसाहेब म्हणालेत, बोलावतील."

"आणि नाही बोलावलं तर?"

"बस म्हटलं की बसावं," कुत्रा म्हणाला. "आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको."

शेळी बसली. तिनं करडाच्या कानाला नाक लावलं. कान गार होता. तिनं दुसरा कान पाहिला, तोही गार. गाढवाच्या पाठीवरून रक्ताचा ओघळ त्याच्या पोटापर्यंत आला होता आणि थेंब थेंब खाली पडत होता. पुढच्या बाजूला मोराचं स्वागतगीत सुरू झालं.

शेळी उठली. "चला, गाढवदादा."

"कुठं?"

"पुढं."

ती थेट माकडिणीच्या धोंड्यापुढे जाऊन उभी राहिली. "माई, माझं लेकरू मरतंय."

माकडिणीनं करडाकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली. पण कोल्ह्यानं तिच्या खांद्यावर पंजा ठेवला आणि कानाशी लागला. "माई, दोन घटका बसा. तळ्याची आठवण ठेवा. तळ्याकाठचं वेखंड, ब्राह्मी, माका, सगळं गजराजांच्या ताब्यात आहे. ते खूश झाले तर तळं आपल्याला मोकळं. रागावले तर? एका करडापायी उद्याच्या शंभर रोग्यांचा पाला घालवणार?"

माकडिणीनं ओठ चावला. आणि मुलांनो, ती पुन्हा खाली बसली.

हे पाहिलं मात्र, आणि त्या शेळीच्या, सदा धास्तावलेल्या, पानाच्या सळसळीला दचकणाऱ्या शेळीच्या मस्तकात तिडीक गेली.

"बसलीस?" ती म्हणाली. "तू बसलीस, माई? मी वाटभर लेकराला सांगत आले, माईकडं चाललोय, घाबरू नकोस. आणि तू हार घालून बसलीस? उद्याच्या शंभरांची काळजी आहे, आणि आज जो दारात मरतोय तो कोण? तो काय मोजणीत धरायचा नाही?"

"आवाज खाली!" कोल्हा गुरकावला. "चार प्रतिष्ठित बसलेत."

"प्रतिष्ठितांनी दुसरीकडे बघावं. तुमचं काय जातंय? शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड!"

"गजराज आल्याशिवाय ही वेल कुणी तोडायची नाही. हा इथला नियम आहे!"

"तोडत नाही," शेळी म्हणाली.

ती दाराकडे वळली आणि तिनं वेल खायला सुरुवात केली.

कचाकचा, कचाकचा. पानं गेली, फुलं गेली, कडू देठ गेले. कोल्हा तिची शेपूट ओढू लागला, तर गाढव मध्ये येऊन उभं राहिलं आणि त्यानं मागचा एक पाय नुसता उचलून दाखवला. कोल्हा तीन हात मागं सरला. ससे आ वासून बघत होते. मोराचं गीत दुसऱ्या कडव्यावर अडकलं.

"अगं ए! उद्घाटनाची वेल आहे ती!" कोल्हा केकाटला.

"आहे म्हणजे?" गाढव म्हणालं. "होती."

शेवटचा पदर तुटला आणि दार मोकळं झालं. इकडे माकडिणीनं हार ओरबाडून फेकला आणि धोंड्यावरून सरळ आत उडी घेतली. करडाला दगडावर निजवलं. रचलेला पाला विस्कटला, दगडीपाल्याचा चोळामोळा करून जखमेत भरला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. शेळीच्या तोंडाला कडू फेस आला होता. तो पुसायलाही तिला सुचत नव्हतं. हळूहळू रक्त थांबलं. माकडिणीनं सुई घेतली. पहिला टाका झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला करडू जोरात ओरडलं, "म्यॅ!"

शेळी होती तिथंच बसली.

"चालेल थोडं लंगडत," माकडीण म्हणाली, "पण जगेल." ती शेळीकडे बघत नव्हती. तिला बघवत नव्हतं. हात धुऊन तिनं बाहेर हाक मारली, "पुढं कोण आहे?"

मांजर तीन पायांवर उड्या मारत आलं. माकडिणीनं त्याचा पंजा पाहिला आणि विचारलं, "याच्यापेक्षा जास्त दुखावलेलं कुणी आहे का मागं?"

"कुत्रा आहे," मांजर म्हणालं. "त्याला मी केव्हाची उठवतेय. उठत नाही."

सगळे मागे धावले. कुत्रा बसवला होता तसाच होता. पुढचे पाय सरळ, तोंड त्यांच्यावर टेकलेलं. ना रस्त्यात, ना कुणाच्या अध्यातमध्यात. कुणाचा खोळंबा होऊ नये अशा बेतानं, गुपचूप, तो मरून गेला होता.

नेमका त्याच वेळी कावळा ओरडला, "आले! गजराज आले!"

"पानं टाका याच्यावर! लवकर, पानं टाका!" कोल्हा धावत सुटला. "नवीन वेल आणा रे कुणीतरी! बांधा पटकन!"

कुणीच वेल आणायला गेलं नाही. झाडं बाजूला सारत हत्ती आला. अंगावर ओला चिखल, स्वारी मजेत. "जरा वेळ झाला," तो म्हणाला. "चिखल आज फार गार होता, निघवेना. बोला, काय तोडायचंय?"

हत्तीनं इकडे तिकडे पाहिलं आणि त्याला कुत्रा दिसला. "हा का निजलाय?"

कोल्हा हसत पुढे आला, "काही नाही साहेब, जरा दमलाय..."

"दमला नाही," शेळी म्हणाली. ती कुत्र्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली होती. हत्तीच्या गुडघ्यालाही तिचं डोकं लागत नव्हतं. "तो सकाळपासून तुमची वाट बघत होता. बघून बघून गेला."

हत्तीचे कान हलायचे थांबले. त्याच्यासाठी ससे हार घेऊन उभे होते. त्यानं हार घेतला नाही. वळला आणि आल्या वाटेनं निघून गेला.

"झालं तुझं समाधान?" कोल्हा शेळीवर खेकसला. "गेलं ना तळं!"

माकडीण कुत्र्याजवळ बसली होती. तिनं मान वर केली. "तळं गेलं तर पाला मी लांबून आणीन," ती म्हणाली. "याला कुठून आणू?"

कोल्हा दुसऱ्या दिवशी शेजारच्या जंगलात गेला. ऐकलं, तिथं कुठंतरी जखमी पाखरांना कुणी दाणापाणी देतं, त्यांच्यासाठी तो छप्पर बांधतोय. माकडिणीनं आपल्या हातांनी दार उपटून ओढ्यात टाकलं. हत्तीनं तळं मोकळं केलं नाही आणि अडवलंही नाही. माकडीण पाला तोडायला जाते, तेव्हा तो दुसरीकडे तोंड करून उभा राहतो.

करडू वाचलं. लंगडत लंगडत पुन्हा कुंपणाकडे पळू लागलं. पण शेळीचा राग काही गेला नाही. ती दवाखान्यावरून जाते, तेव्हा माकडिणीशी बोलते, तिला पाला आणून देते, पण तिच्या डोळ्यांत तो राग असतोच. असू दे. काही राग जपून ठेवण्यासारखे असतात.

तात्पर्य : ज्याचं रक्त वाहतंय त्याचा मान पहिला, पाहुण्याचा नंतर, आणि दारात जीव जात असताना जो "जरा बसा" म्हणतो, त्याचं ऐकून बसणं हा शहाणपणा नव्हे.