खोकल्याची जागा

एका राज्यात, जिथे घंटा हलत पण वाजत नसत, चंद्रसेना नावाची राणी होती. कंठभैरव मांत्रिकाने राज्याचे सारे सूर तांब्याच्या रांजणात कोंडले होते. पक्ष्यांच्या आणि पोरासोरांच्या गळ्यात तेवढा सूर उरला. राणी लेकीला नुसतीच थोपटून निजवी आणि मनात म्हणे, अंगाई न येणारी मी कसली आई!

रांजणाची अट अशी: आपल्या आवाजात गाईल त्याला तो उघडेल, उसन्या आवाजात गाईल तो पक्षी होईल. सूर कोंडले जात असतानाच दरबारगवई पद्मनाभबुवा रांजणापुढे गायले आणि साळुंकी झाले. का, ते त्यांना उमगले नाही. राजवाड्याच्या कोनाड्यात बसून ते राजकन्या मंजुघोषेला शिकवू लागले. ती वयात येऊन तिचाही सूर जाण्याआधी रांजण उघडायला हवा होता.

बुवांनी तीन कामे नेमली. पहिले, पहाटे विहिरीत वाकून षड्ज लावायचा, विहीर तो परत देईपर्यंत. विहिरीने वर्षभर दाद दिली नाही; मग दिली. दुसरे, धबधब्याशेजारी गायचे, पण ओरडायचे नाही. एके दिवशी धबधबाच थांबून ऐकू लागला.

काय त्या पहाटा होत्या! राणी दाराआड उभी, हातात ज्येष्ठमधाची वाटी. कारण गाताना पोर खोकत असे.

"बुवा, काढे झाले, वाफारे झाले. माझंच काही चुकतंय का?"

"ऋतू बदलतोय, राणीसाहेब."

बुवा गाऊ लागले. तार षड्जाआधी खोकले. मंजुघोषा मागून गायली. नेमकी तिथेच खोकली. एरवी दिवसभर कुठे खोकते ही?

"बुवा, हा खोकला तुमचा आहे!"

साळुंकीने मान वळवून आपल्या पंखांकडे पाहिले.

"माझाही नाही. माझ्या गुरूंना दमा होता. मी गाण्याबरोबर तोही उचलला. म्हणजे... त्यापायी ही पिसं."

"आणि आता माझ्या लेकीला?"

"तिसरं काम सांगतो. मंजू, आजपासून मी गाणार नाही. तू गा, मी ऐकतो."

"चुकले तर?"

"चूक तरी तुझी असेल."

वसंतात मंजुघोषा रांजणापुढे उभी राहिली.

"ये पोरी, पिंजरा झाडून ठेवलाय," मांत्रिक म्हणाला.

ती गाऊ लागली. ती जागा आली. राणीने पदराचे टोक मुठीत धरले. पोर थांबली. तिथे खोकला नव्हता, सूरही नव्हता. मग तिने श्वास घेतला आणि विहिरीने दिलेला षड्ज वर नेऊन लावला.

रांजण उकलला. राज्यातल्या घंटा एकदम वाजल्या. मांत्रिक वितळून तांब्याचा ठिपका झाला. असेच पक्षी झालेले इतर गवई माणसे होऊन झाडाझाडांवरून उतरले. बुवा माणूस झाले आणि पहिल्यांदा काय केले? खोकले.

राणीला अंगाई परत मिळाली. निजवायला पोर तेवढी लहान उरली नव्हती. मंजुघोषा आजही तार षड्जाआधी क्षणभर थांबते. तिथे राणीला ती विहीर दिसते, तो कोनाडा दिसतो, आणि हात आपसूक वाटी शोधू लागतो.