अच्युतच्या परसातला मांडव

"सागवान की जांभा दगड, एवढंच सांगा बुवा. पुढचं मी बघतो."

धोंडबुवा दुधी भोपळ्याच्या वेलाला आळं करत होते. मान वर न करताच म्हणाले,

"कशाला हवाय?"

"परसात छत्री उभारायचीय. चार खांब, वर छप्पर, खाली बसायला कट्टा. शंभर वर्षं जागची हलता कामा नये."

विचारणारा अच्युत पेडणेकर. लाकडाच्या वखारीचा मालक. फळीवर नुसतं नख ओढलं की झाड कुठल्या रानातलं ते सांगायचा. बुवांच्या मठीत रोज सकाळी यायचा आणि सगळ्यांच्या पुढे बसायचा. बुवांचा पहिला शिष्य कोण, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. तरी तो सांगायचा.

"लाकडातलं तुला कळतं की मला?" बुवांनी विचारलं.

"मला."

"दगडातलं?"

"तेही मलाच."

"मग आलास कशाला?"

अच्युत पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला...

"आई बसत नाही, बुवा."

गोष्ट अशी होती. अच्युतची आई भागीरथीबाई. गुडघे धरले तेव्हापासून बाईने घराबाहेर पाऊल टाकणं सोडलं होतं. काठी घेऊन चालता येत होतं, पण चालायची नाही. सगळा दिवस खाटेवर पडून. कुणी दोन शब्द विचारले तर एका शब्दात उत्तर. पेजेची वाटी अर्धी तशीच राहायची. वैद्यांनी अच्युतला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिला औषध काही नाही, हिला उघड्यावर बसवा, नाहीतर ही अशीच पडल्या जागी विझेल.

अच्युतने वेळ घालवला नाही. शहरातून लोखंडी छत्री आणली. नक्षीचे खांब, हिरवा रंग, आत गादीच्या खुर्च्या. आईला हाताला धरून नेलं आणि बसवलं. चहाचा कप संपेपर्यंत ती बसली. "छान आहे रे," म्हणाली, आणि आत गेली ती गेलीच.

"लोखंड तापतं म्हणून बसत नसेल," अच्युत म्हणाला. "सागवान गार राहतं. जांभा त्याहून गार, पण त्याच्यावर शेवाळ धरतं. सागाला तेल पाजलं तर वाळवीची भीती नाही. मग सागच घेऊ ना?"

"आधी कुठे बसायची?"

"मांडवात. माडाच्या झावळ्या विणून केलेल्या झापांचा होता, सगळ्यांकडे असतो तसा." अच्युतने हातानेच माशी वारावी तसं केलं. "पाऊस सरला की घाला, मिरगाचे ढग आले की मोडा. वरून विंचू पडतात, उंदीर पिल्लं घालतात. आणि दरवर्षी अर्धी वाडी आपल्या परसात. एक झाप विणतोय, चार जण गप्पा मारतायत. वखार मोठी झाली तेव्हा मी म्हटलं, पुरे हा तमाशा."

बुवांनी हात धुतले.

"चल. बघू तुझी छत्री."

परसात येऊन त्यांनी लोखंडी खांबावर काठी मारली. खण्ण वाजलं.

"भक्कम आहे."

"आहेच."

"तुझ्या नातवाच्या नातवालाही मोडता यायची नाही."

अच्युतची छाती फुगली. बुवा मागच्या खिडकीपाशी गेले. आत भागीरथीबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"काय भागीरथीबाई, छत्री कशी आहे?"

"छान आहे बुवा. नाव ठेवायला जागा नाही." आणि तिने अंगावरचं पांघरूण आणखी वर ओढलं.

बुवा मागे फिरले. माडाखाली हिरव्या झावळ्या पडल्या होत्या, आदल्या दिवशी नारळ उतरवताना पाडलेल्या.

"त्यातली एक घे. या खिडकीखाली बस. झाप विण."

"मी?"

"माझा पहिला शिष्य कोण?"

अच्युत बसला. इस्त्रीचा सदरा, मातीत बैठक. लहानपणी त्याने झाप विणताना पाहिले होते हजार, विणला एकही नव्हता. एक पात वर, एक पात खाली, एवढं आठवलं. बाकी त्याला वाटलं, जितका आवळू तितका टिकेल. जोर लावून ओढली. पात टरकन फाटली.

दुसरी ओढली. तीही फाटली.

खिडकीत काही हललं नाही...

तिसरी पात फाटली तेव्हा आतून आवाज आला.

"कोण आहे तिथे?"

"मी आहे आई. झाप विणतोय."

"तू?"

आत पांघरूण सरकलं. मग पुन्हा,

"अरे, झाप आहे तो. ओंडका बांधत नाहीयेस गाडीवर. सैल सोड."

"सैल सोडला तर टिकेल कसा?"

"वारा कुठून जाईल मग? तुझ्या डोक्यातून?"

अच्युतने आणखी आवळली.

"गेली. अख्ख्या झावळीचा नास केलास, मेल्या."

खाट करकरली. काठी वाजली. दाराच्या चौकटीला धरून, मग भिंतीला धरून भागीरथीबाई बाहेर आली. तिला धरायला अच्युत उठायला गेला, तर बुवांनी मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि त्याला खाली बसवलं.

आई एकटी चालत आली. उन्हातच फतकल मारून बसली आणि नवी झावळी मांडीवर ओढली.

दगडी गडग्यापलीकडे शेजारची शेवंती कपडे वाळत घालत होती. तिचे हात तसेच राहिले.

"भागीकाकी, तुम्ही बाहेर कशा?"

"येऊ नको तर काय करू? हा बघ काय विणून बसलाय. वाडीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

शेवंती गडगा ओलांडून आली. अच्युतचा झाप उचलून तिने उजेडात धरला.

"बाई गं. भावजी, याच्यात सुंगटं-कोळंबी तरी सुकवता येतील का?"

भागीरथीबाई हसली. अच्युतने आईकडे पाहिलं. हे हसू तो विसरूनच गेला होता.

शेवंती विणायला बसली. तिला शोधत तिचा नवरा दुलबा आला आणि म्हणाला, झाप विणताय तर खांब कुठायत, माझ्याकडे पोफळीचे पडलेत. तो खांब घेऊन येताना रस्त्यावर दिसला, म्हणून आणखी दोघे आले. त्यांच्या बायका आल्या. कुणी सुंभ आणला, कुणी कोयता. दुलबाने खांब रोवला की भागीरथीबाई म्हणायची वाकडा आहे, आणि सरळ केला की म्हणायची आता दुसऱ्या बाजूला वाकडा आहे. बोलता बोलता तिने शेवंतीच्या सुनेला कितवा महिना ते विचारून घेतलं, आणि कुणाच्या तरी म्हशीला औषधाचा पाला सांगितला.

"नुसत्या चहावर माणसं राबवतोस काय रे अच्युता?" ती ओरडली. "आत सांग घावणे घालायला."

घावणे आले. सगळ्यांनी खाल्ले, तिनेही खाल्ले, आणि मीठ कमी आहे म्हणाली.

उन्हं कलेपर्यंत मांडव उभा राहिला. एका अंगाला किंचित झुकलेला. झापांतून उन्हाचे ठिपके गळत होते आणि त्या ठिपक्यांत बसून भागीरथीबाई उद्या कुणाकुणाला बोलवायचं ते शेवंतीला सांगत होती. लोखंडी छत्रीच्या नक्षीवर सगळ्या गड्यांचे सदरे टांगले होते.

बुवा निघाले. अच्युत त्यांच्या मागोमाग वाटेपर्यंत गेला. चेहरा उजळलेला, पण मन अजून खांबापाशी.

"बुवा, आई बसली."

"हं."

"आता ती पुन्हा आत जाऊन पडली तर मला सोसायचं नाही. म्हणून विचारतो... मी हात लावून पाहिला, खांब हलतोय. सिमेंटात रोवून टाकू का? झापांवर पत्रा ठोकला तर पावसाचीही चिंता नाही. कायमचं होईल."

बुवांनी मागे वळून मांडवाकडे पाहिलं. तिकडून हसण्याचा आवाज आला...

"मिरगाला आठवणीने मोड," ते म्हणाले. "मग टिकेल."