चोराच्या सदऱ्याची चिंधी

झाडं एकमेकांशी तोंड उघडून भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. एका बागेत विषाणूच्या रोगानं पपया पटापट मेल्या, एक म्हातारी तेवढी उरली. शेतकी कॉलेजच्या माणसांनी तिच्या शेजारी नवी पपई लावली. या धाकटीच्या अंगात त्यांनी त्याच विषाणूच्या सदऱ्याची, म्हणजे त्याच्या बाहेरच्या आवरणाची, एक चिंधी शिवली होती.

म्हातारी कडाडली, "मुडदा बशिवला तुझा! चोराची चिंधी घरात ठेवतेस? रोग आणशील!"

"नुसत्या चिंधीनं रोग होत नाही, आजी. ओळख पटायला ठेवलीय."

एके दिवशी मावा किडीच्या सोंडेवर बसून विषाणू आला. त्यानं म्हातारीची पानं पिवळी करून आक्रसून टाकली. मग तो धाकटीत शिरला. तिनं त्याचा सदरा चिंधीशी ताडून पाहिला आणि तिथंच त्याचे तुकडे केले.

म्हातारी दुखणं विसरून बघत राहिली. "आणि उद्या सदरा बदलून आला तर गं?"

धाकटीनं आपली चिंधी चाचपली. "मग मीही फसेन, आजी."

"मग ऐक. मला तो मेला कुठल्याही सदऱ्यात डसतो. माझ्या पानांवर डाग निराळे दिसले, की त्या माणसांना हाक मार. म्हणावं, नवी चिंधी म्हातारीकडून न्या."