पाणपोईवरची अनवाणी पावलं

माळजाईच्या जत्रेत पाणपोईवर उभं राहायचं तर आधी चपला काढाव्या लागतात. मग मान खाली. पिणाऱ्याची फक्त ओंजळ बघायची, तोंड नाही, आणि ओंजळ बाजूला होईपर्यंत धार तोडायची नाही. यंदा सेवेला आलेल्या कॉलेजच्या पोरी हसायला लागल्या, तशा पाणपोई सांभाळणाऱ्या शेवंताकाकू म्हणाल्या, "हसा खुशाल. पण आधी ठकुबाईचं ऐका, आन् मग माठाला हात लावा."

ही ठकुबाई इथल्याच वाडीची, असं सांगतात. पाणपोई मूळची तिचीच. लांबच्या झऱ्यावरून पाणी आणायची आणि येईल त्याला गुळाच्या खड्याबरोबर पाजायची. एका वर्षी दुष्काळ पडला. तिचा एकुलता एक हरबा मेंढरं घेऊन दूर गेलेला. "जत्रेला ये, पुरणाची पोळी राखून ठेवते," असा तिनं सांगावा धाडला. आईचा सांगावा म्हटल्यावर पोर निघालंच. माळावर पाण्याचा टिपूस नव्हता. देवळाचं निशाण दिसत होतं तिथं तो तहानेनं पडला, तो उठला नाही. अख्ख्या जत्रेची तहान भागवणाऱ्या बाईचं लेकरू घोटभर पाण्यावाचून गेलं. देवाचं करणं तरी कसं बघा.

पुढल्या जत्रेला ठकुबाई पुन्हा माठापाशी उभी राहिली. भर दुपारी, गर्दी पांगलेली असताना, तिच्यापुढं एक ओंजळ आली. उजवी करंगळी वाकडी, लहानपणी जात्याखाली सापडलेली. "हरबा," म्हणत तिनं वर पाहिलं. समोर कुणीच नव्हतं. पाणी मातीत गेलं. माळाकडून कण्हल्यासारखा आवाज आला, तो म्हणे वर्षभर थांबला नाही.

त्या वर्षात पाण्याचा घोट तिच्या घशाखाली उतरेना. पोर अजून तहानलेलं फिरतंय आणि ते आपल्या बघण्यामुळं, हे तिला खात होतं. शेवटी ती देवीला नवस बोलली: तोंड नाही दिसलं तरी चालेल, बाई, पाणी तेवढं त्याला पिऊ दे.

जत्रा आली, दुपार आली, ओंजळ आली. ठकुबाईनं दात आवळले, नजर त्या करंगळीवर ठेवली आणि धार धरली. एक माठ संपला, तिनं चाचपडत दुसरा घेतला. आईच ती, एकदा बघावं असं तिला किती वाटलं असेल. पण मान वर झाली नाही. मग ओंजळ बाजूला झाली, आणि तिच्या पावलांवर दोन ओले हात टेकले.

तरीही तिनं पाहिलं नाही. माळावरचं कण्हणं त्या दुपारी थांबलं.

पण तहानेनं गेलेला हरबा काही एकटा नव्हता. आजही भर दुपारी एखादी ओंजळ लवकर हटत नाही, आणि पाणी देणारा धार तोडत नाही. जत्रा उठली की सगळे आपापले पाय बघतात, आणि कुणाच्या तरी पावलांवर ओल असते. सांडलं असेल पाणी, असं म्हणणारे म्हणतात. शेवंताकाकू म्हणतात, "सांडलेल्या पाण्याला बोटं नसतात."

पोरींनी चपला काढल्या.