फाटक्या कानाचा वैरी

फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर खडकसांगवीतल्या आत्ताच्या शहाण्यांचे खापरपणजे तेव्हा शहाणे व्हायचे होते. नंतरही झाले नाहीत, ते सोडा. त्या काळी गावात गोजरा नावाची बाई होती आणि तिच्यासारखं जळणारं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. तिची नजर पडली की दुभती म्हैस आटायची, असं म्हणतात. ती सगळ्यात जास्त जळायची ते घरातच, थोरल्या जावेवर. भिवराची नथ मोठी. भिवराची चूल कमी धुरते. भिवराला शिंकासुद्धा जोडीनं येतात, आपल्याला एकच!

अशात राज्यात चुलत्या-पुतण्याचं फाटलं आणि एका गादीच्या दोन झाल्या, थोरली नि धाकटी. यादवी पेटली. भिवराचा नवरा हैबती थोरल्या गादीकडून गेला, गोजराचा बयाजी धाकटीकडून. सख्खे भाऊ, एका ताटात जेवून निघाले आणि नदीच्या उतारावर एकाच दिवशी पडले. कुणी कुणाला मारलं ते नदीलाच ठाऊक.

थोरली गादी जिंकली. हुकूम सुटला, आपल्या मेलेल्यांचे वीरगळ उभारा. धाकट्या गादीच्या मेलेल्यांना दगड नाही, आणि त्यांचं नावही कुणी तोंडातून काढायचं नाही.

भिवराच्या अंगणात सटवा पाथरवट दगड घडवायला बसला. खाली लढाई, मधे हैबतीला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर चंद्र-सूर्य. गोजरा कुडाआडून बघत होती नि करपत होती.

"दोन दोन अप्सरा! घरात दुसरी भाकरी मागायला लाजायचा, आता बघा, दोघींच्या खांद्यावर हात! माझा बापडा गेला तो एकटाच."

हसू नका. बयाजीला मूलबाळ नव्हतं. गोजरा गेली की बयाजी नावाचा माणूस होऊन गेला हे सांगायलाही कुणी उरणार नव्हतं.

तेवढ्यात तिला दिसलं की हैबतीच्या पायाखाली सटवानं एक माणूस आडवा पाडलाय.

"सटवादादा, तो खालचा कोण?"

"वैरी आहे, वैनी. वीर म्हटला की खाली वैरी लागतोच."

"मग त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटकी काढ."

सटवाची छिन्नी हातातच राहिली. बयाजीचा फाटका कान सगळ्या गावाला माहीत! "वैनी, मान जाईल माझी! नाव घ्यायची बंदी आहे."

"नाव कुठं मागते? कान मागते." आणि तिनं त्याच्या छिन्नीकडं नुसतं टक लावून बघितलं. छिन्नी म्हणजे सटवाचं पोट. त्यानं मुकाट्यानं कान फाडला.

दगड उभा राहिला तशी भिवरा उसळली. "गोजरे, माझ्या दगडात तुझा नवरा कसा गं?"

"तुमच्या धन्याच्या पायाखालीच आहे ना, जाऊबाई? मग खूश व्हा की."

गोजरा रोज करडईचं तेल आणून खालच्या बयाजीला चोपडायला लागली. बयाजी काळाभोर चकाकला. वर हैबती कोरडाठक्क, डोक्यावर साळुंकीची घाण. ते भिवराला कसं सोसावं? तिनं वरून दुप्पट तेल ओतलं. आता तेल वर ओतल्यावर जाणार कुठं? ओघळून सगळं बयाजीलाच! ती जितकं चिडून ओतायची, तितकी त्याची चैन. शेवटी इतकं तेल प्याला की बयाजीनं दगडात डोळे उघडले, असं म्हणतात.

बातमी गादीपर्यंत गेली. कारभारी घोडा उडवत आला, हातात घण घेतलेले शिपाई मागं. "वैऱ्याला तेल? फोडा हा खालचा!"

शिपायानं घण उचलला. गोजरानं त्याच्याकडं एकदा बघितलं, आणि दांडा मधोमध मोडून घण कारभाऱ्याच्या घोड्यापुढं पडला, असं म्हणतात. दुसरा घण उचलायच्या आत भिवरा पुढं झाली.

"फोडा की! मग माझा धनी उभा कशावर राहणार? हवेत?"

कारभारी गांगरला. "पण हा आहे तरी कोण?"

गोजरानं ओठ गच्च मिटले. बोलली असती तर तीही गेली असती नि दगडही. पण भिवराला वाटलं, आपल्या धन्याच्या पायाखाली कुणी ऐरागैरा आहे असं लोक म्हणतील! ती छाती काढून ओरडली, "बयाजी! माझा दीर! चार गावचे पैलवान लोळवलेला. ह्याला पाडायला माझाच धनी लागला!"

बयाजीला लहान करावं तर आपलाच वीर लहान होतो. कारभाऱ्यानं घोडा वळवला.

गोजरा रडली, असं म्हणतात. आणि डोळे पुसतानाही जळलीच, नाव पहिल्यांदा घेतलं तेसुद्धा हिनंच!

मग गावातल्या बाकीच्या वीरांच्या बायका इरेला पेटल्या. भिवराच्या धन्याखाली बयाजी, मग आमच्या धन्याखाली कोण? हरलेल्या घरच्या बायका आपल्या माणसांच्या खुणा सांगत गेल्या, कुणाची तुटकी करंगळी, कुणाचं टक्कल, आणि सटवा कोरत गेला. एकोणीस वीरांच्या पायाखाली चोवीस वैरी झाले, सगळे ह्याच गावचे.

अजूनही भादव्याच्या अमावास्येला गावच्या जावा जोडीजोडीनं त्या दगडांना तेल घालतात. पहिलं तेल खालच्याला, आणि त्याचं नाव इतक्या मोठ्यानं घ्यायचं की शेजारच्या जावेचा आवाज बुडाला पाहिजे. त्याला गोजराचं तेल म्हणतात. यादवी कुठल्या हट्टापायी पेटली ते विचारा, गाव डोकं खाजवतं. पायाखालच्यांची चोवीस नावं विचारा, तीन वर्षांची पोरही मधे श्वास घेत नाही.