भिंतीवर न उमटलेला हात

सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की अडवून धरणाऱ्यावर?

सांगलीच्या पेठेत हळद विकता विकता मी एक शिकलो : परत आलेलं गिऱ्हाईक मालाला चांगलंच म्हणतं. पण ही अक्कल दुकानातच राहिली. दवाखान्यात मी नुसता आजोबा होतो.

नातू मल्लू चार वर्षांचा. मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ. ऑपरेशन झालेलं, सकाळी औषधं सुरू व्हायची होती.

डॉक्टर ओजस रणभिसे तरुण, हुशार, आणि स्वतःची हुशारी पक्की ठाऊक असलेला. त्याचं संशोधन असं : हृदयाला इजा करणारं एक औषध वगळलं, तरी अशी मुलं बरी होतात. मल्लूचंही ते वगळायचं होतं. अडलं होतं ते त्याच्या गुरूंच्या, पेंडुरकरबाईंच्या होकारापाशी.

"हो म्हणा ना, बाई. ज्यांचं ते औषध वगळलं, त्यांतलं एकही मूल गेलेलं नाही."

"कशावरून?"

ओजसनं वॉर्डाच्या भिंतीकडे बोट केलं. तिथली रीतच होती, उपचार संपले की मुलानं रंगात हात बुडवून भिंतीवर ठसा उमटवायचा. निळे, पिवळे, इवले इवले हात.

"मोजा की! सगळी हसत घरी गेली."

मी हात जोडून उभा. बाई, हो म्हणून टाका, एवढंच मनात.

बाई माझ्याकडे वळल्या. "आप्पा, घाई आहे ना नातवासाठी?"

"देवाशपथ आहे."

"मलाही आहे."

बाई भिंतीशी गेल्या. ठशांच्या मधल्या कोऱ्या जागेवर त्यांनी आपला कोरडा तळवा टेकवला... आणि काढून घेतला.

"हा मोजलास?"

ओजस हसला. "तिथं काही नाहीच, बाई."

"रेणू कोळेकर."

त्याचं हसू मावळलं.

"ती... मध्येच यायची बंद झाली. उपचार पुरे केले नाहीत, म्हणून हिशेबात धरली नाही."

"जिवंत आहे?"

"ते कळलं नाही."

"गाठ पुन्हा आली?"

"माहीत नाही."

"अशी आणखी?"

"आहेत... काही."

मला राहवेना. "बाई, मग माझ्या मल्लूला सकाळी काय देणार?"

"जुनंच. सगळी औषधं."

"आणि त्याचं हृदय?"

"जपू, आप्पा. भीती मलाही आहे."

ओजस मात्र उसळला.

"बाई, या मुलांना शोधण्यात महिने जातील! तोवर किती मुलांना विनाकारण ते औषध द्यायचं?"

"विनाकारण आहे, हे कळलं तुला?"

तो भिंतीपाशी, त्या कोऱ्या जागेशी गेला. मग हळूच म्हणाला, "उद्याच निघतो रेणूच्या गावी. पण बाई... सापडलीच नाही तर?"

"तर कोरी जागाही मोज. हिशेब खरा ठेव, बाळा."